शिसवावरच्या छत्र्या

कुंदाताई कोणतीही रानछत्री, म्हणजे अळंबी, तोडत नसत. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा छोटा आरसा त्या छत्रीखाली सरकवत आणि पोटावर आडव्या पडून तिची खालची बाजू बघत. वय अडुसष्ट, अंगात पंजाबी ड्रेस, पायात मुलाचे जुने बूट. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीच्या भिंतीमागे, एका पडलेल्या शिसवाजवळ. त्यांना चक्कर आली असावी असं वाटून मी धावलो. तोंडून "अरे देवा" निघालं.

"मराठी का? मग जरा बाजूला व्हा. सावली पडतेय."

कुंदाताईंची सगळी नोकरी दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत झाली होती. लाकूड का कुजतं आणि ते कसं थांबवायचं, हे त्यांचं काम. "तीस वर्षं यांना मारायची औषधं शोधली," त्या म्हणायच्या, "आता निवृत्त झाल्यावर ओळख करून घेतेय."

मी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग तपासतो. दोष शोधायची सवय असलेला माणूस त्यांना उपयोगी वाटला असावा. पुढची तीन वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही त्या मोकळ्या जागेत जायचो. बिल्डरची जमीन होती ती; वाळून पडलेले शिसव, कीकर म्हणजे आपल्या बाभळी, एक पोखरलेला कडुनिंब. छत्रीखाली बारीक छिद्रं आहेत की पापुद्रे, ते त्यांनी मला दाखवलं. लाकूड पांढरं पडून धाग्यासारखं सुटतं की तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटतं, तेही नखाने उकरून बघायला शिकवलं. "वरून सगळ्या बहिणी सारख्याच दिसतात. खालून बघ, म्हणजे घराणं कळतं." एकदा मी विचारलं, हिची भाजी होते का? "खायची घाई असेल तर मदर डेअरीच्या भाजीच्या दुकानात जा. बिल्कुल पाकीटबंद मिळते."

शिसवाच्या एका ओंडक्यावर पावसाळ्यात एक छत्री यायची. नखाएवढी, खालून फिकट जांभळी. तिचं नाव आम्हाला तीन वर्षांत लागलं नाही. पुस्तकं झाली, त्यांचे जुने सहकारी झाले. मी वैतागलो की त्या म्हणायच्या, "माहीत नाही, हेसुद्धा शास्त्रातलं उत्तर आहे. लिही. लाजू नकोस." मी वहीत लिहायचो: माहीत नाही.

मग त्या जागेवर क्लब हाउस आणि पार्किंग करायचं ठरलं. आम्ही काही जणांनी विरोध केला. बिल्डरकडून उत्तर आलं की एखाद्या तज्ज्ञाचा अहवाल घ्या, त्यात काही महत्त्वाचं निघालं तर तो कोपरा सोडू. तज्ज्ञ म्हणून सगळ्यांनी कुंदाताईंचंच नाव घेतलं. मी निश्चिंत झालो. तीन वर्षांच्या नोंदींची फाइल केली आणि सोसायटीच्या सभेच्या आदल्या दिवशी त्यांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून दोन नावं दुरुस्त करून दिली. चहा केला.

सभेत मी उभा राहून म्हणालो, आधी मॅडमचा अहवाल वाचा. सेक्रेटरींनी वाचला. चार ओळींचा होता. मृत लाकडावरची सामान्य बुरशी. उल्लेखनीय काही आढळलं नाही. जागा मोकळी करण्यास हरकत नाही. खाली त्यांची सही आणि पाच दिवसांपूर्वीची तारीख. लोक माझ्याकडे बघत होते. कुंदाताई सभेला आल्याच नव्हत्या. फाइल हातात घेऊन मी सरळ त्यांच्या मजल्यावर गेलो.

"ताई, सही तुमचीच आहे?"

"माझीच."

"दबाव आणला कुणी?"

"नाही रे. बिल्डरचा माणूस चहाला आला होता. मुलगा काय करतो, विचारलं. म्हटलं, अभय तुमच्याच नोएडाच्या साइटवर इंजिनिअर आहे. 'अच्छा, फिर तो घर की बात है,' म्हणाला. एवढंच."

"काल मी आलो तेव्हा सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू मला अहवाल मागे घ्यायला लावला असतास," त्या म्हणाल्या. "आणि मी घेतला असता."

चार दिवसांनी जेसीबी आला. दुपारपर्यंत ओंडके ट्रॉलीत भरून गेलेसुद्धा. मी सुट्टी घेऊन भिंतीशी उभा होतो. अहवाल मला एक वेळ समजला असता. आई होत्या त्या. पण सही करून झाल्यावर माझ्या फाइलमधली नावं दुरुस्त करत बसल्या, ते मला आजही कळलेलं नाही.

रविवार बंद झाले. लिफ्टमध्ये भेटलो तर आम्ही दोघेही मजल्यांचे आकडे बघायचो. वर्षभराने त्या बहिणीकडे नागपूरला कायमच्या निघाल्या. अभय गाडीत सामान भरत होता. मी ऑफिसच्या बसला निघालो होतो, त्यांनी हाक मारली.

"शिरीष, मी वागले ते वागले. पण तुला शिकवलं त्यातलं काही खोटं नव्हतं. एवढं मानतोस ना?"

मानत होतो. अभय डिकी बंद करून पुढे येऊन बसेपर्यंत वेळही होता. मी "सांभाळून जा" म्हणालो आणि बसकडे वळलो.

या हिवाळ्यात त्या वारल्याचा अभयचा मेसेज आला.