सिस्टरचा प्रबंध आणि कारखान्याचं कुलूप

घरचे सोडून सगळेच तिला सिस्टर म्हणत. प्रसूती विभागात निम्मं आयुष्य काढल्यावर, लेक कॉलेजात गेली तेव्हा, तिनं सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करायचं ठरवलं. "आता या वयात?" सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनी आपणहून अंगावर घेतला.

प्रबंधाचा विषय घरातच सापडला. नणंद शिवणकारखान्यात मशीनवर बसायची. तिला लघवीची जळजळ सारखी उलटायची.

"अगं, भरपूर पाणी पी म्हणून कितीदा सांगू?" सिस्टर वैतागली.

"प्यायलं तर जायचं कुठे, वहिनी? संडासाला कुलूप असतं. किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मागायला गेलं की सगळ्यांसमोर विचारतो, 'परत?'"

सिस्टरचं डोकंच फिरलं. कारखान्यात तिला कोण घेणार? मग ती सुट्टीच्या दिवशी कामगार बायकांच्या घरी जाऊ लागली. जिथे जाईल तिथे तेच. कुणी दिवसभर नुसते ओठ ओले करायची. एक पोटुशी तर तेवढंही टाळायची.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी मसुदा वाचला, मान डोलावली. "काम छान आहे. फक्त शीर्षक बदलू. 'कामगार स्त्रियांमधील आरोग्यविषयक अज्ञान.' शेवटी जनजागृती शिबिराची शिफारस करा. ते कुलपाचं प्रकरण काढून टाका. मालक आपल्या सल्लागार मंडळावर आहेत."

"सर, अज्ञान कुणाचं? तहान लागलेली बायकांना कळत नाही?"

"तुम्ही फार मनाला लावून घेताय. संशोधन थंड डोक्यानं करायचं असतं."

"थंड डोक्यानंच केलंय. शिबिर भरवून कुलूप उघडतं का, एवढंच सांगा."

त्यांनी सही केली नाही. बाकीचे शिक्षक व्हरांड्यात हळहळायचे आणि सरांच्या केबिनमध्ये शिरले की गप्प. शेवटी संख्याशास्त्राच्या बाईंनी तिला आपल्याकडे घेतलं, पण या खटपटीत अख्खं वर्ष वाया गेलं.

त्याच वर्षी नणंद तापानं फणफणून मशीनवरच कोसळली. दुखणं वर चढत गेलं होतं. एक मूत्रपिंड कायमचं कामातून गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कारखान्याचा मॅनेजर फळं घेऊन वॉर्डात आला. "बायका स्वतःकडे लक्षच देत नाहीत हो," तो सुस्कारा टाकत म्हणाला.

सिस्टर ताडकन उठली. फळांची पिशवी त्याच्या हातात कोंबली. "चालते व्हा इथून!" सगळा वॉर्ड वळून बघू लागला. तिला त्याची पर्वा नव्हती.

ही बातमी कारखान्यात पोचली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकेक मशीन थांबत गेली. बायका उठल्या आणि सुपरवायझरच्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या. त्यानं घाईघाईनं किल्ली पुढे केली.

"किल्ली नको," तेव्हा पोटुशी असलेली ती बाई म्हणाली. "कुलूपच काढ."

काढावं लागलं.

प्रबंध जसाच्या तसा मंजूर झाला. पदवीच्या समारंभात ते प्राध्यापक हात पुढे करून आले. "बघा, चिकाटीचं फळ!"

"चिकाटी नव्हती सर, संताप होता," ती म्हणाली, आणि हात न मिळवताच नणंदेशेजारी जाऊन बसली.

आता ती आरोग्य खात्यात कारखान्यांच्या तपासणीवर असते. बाई भारी तापट आहेत, असं मालक लोक बोलतात. सासूबाई म्हणतात, "असू दे. कुणीतरी तापायलाच हवं."