सगळा भार एकाच गुडघ्यावर

जगात जे काही बिघडतं ते सगळा भार एकाच बाजूला टाकल्यामुळे बिघडतं, असं मानणारी माणसं पुष्कळ असतील. पण हीच गोष्ट अमेरिकेतल्या कॉलेज-फुटबॉलच्या आधाराने कोणालाही, कुठेही आणि न विचारता पटवून देणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे. ते माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. मी त्यांना काका म्हणते.

काका नागपूरचे. सगळी नोकरी वीज मंडळाच्या कंट्रोल रूममध्ये झाली. राज्यात कुठे किती वीज लागतेय ते बघायचं आणि कुठल्या केंद्राला वाढवायला सांगायचं, कुठल्याला आवरायला, ते फोनवरून ठरवायचं, असं काम. काकू गेल्यावर मुलाने त्यांना न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आणलं. पहिला हिवाळा काकांनी खिडकीशी बसून काढला. येणारी-जाणारी बस बघायची, चहा प्यायचा आणि विचारलंच तर "ठीक आहे" म्हणायचं. मग त्यांची नात ईरा घराजवळच्याच युनिव्हर्सिटीत शिकायला लागली आणि तिथल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला लागली. मध्यंतरात मैदानावर वाजवणारी आपली नात टीव्हीवर दिसेल या आशेने काका एका शनिवारी युनिव्हर्सिटीच्या संघाचा सामना बघायला बसले. नात दिसली नाही. फुटबॉल दिसला. पायाने न खेळता हातात धरून खेळायचा हा कसला फुटबॉल, अशी जी शंका आपल्याकडच्या प्रत्येकाला येते ती काकांनाही आली. पुढच्या सुट्टीत ईराने त्यांना समजावलं, "सिंपल आहे, आजोबा. चार चान्स मिळतात, दहा यार्ड पुढे जायचं. आयदर बॉल घेऊन पळायचं, ऑर थ्रो करायचा."

काका खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे एक थर्मल आणि एक हायडल!"

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. बॉल पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसायचं, चार पावलं मिळवायची, पुन्हा उठायचं, पुन्हा घुसायचं, हे काम थर्मलचं, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्राचं. धिमं, पण रोजचं, भरवशाचं. आणि बॉल लांब फेकायचा हे हायडलचं, म्हणजे धरणावरच्या केंद्राचं. दरवाजा उघडला की क्षणात जोर, पण चुकलं तर सगळं पाण्यात. "नुसत्या कोळशावर राज्य चालत नाही नं बाप्पा, आणि नुसत्या पाण्यावर बी नाही," काका म्हणायचे. "धावून राहिला, धावून राहिला, की समोरचे सगळे पुढे येऊन गोळा होतात. तेव्हा मागची जागा रिकामी पडते. तेव्हा फेकायचं. मग ते घाबरून मागे पांगले, की पुन्हा धावायचं. एवढं सोपं आहे, तरी या कोचला काऊन समजत नाही?"

दर शनिवारी दुपारी ते टीव्हीचा आवाज बंद करत. कंट्रोल रूममध्ये कॉमेंट्री नसते, हे त्याचं कारण. स्वेटर घालून, बिनतारी फोन मांडीवर ठेवून बसायचे. फोन कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सवय आहे, ताई. फोन नसला की हात रिकामे वाटतात." संघातल्या त्या दणकट पळणाऱ्या मुलाचं नाव त्यांनी थर्मल ठेवलं आणि बॉल फेकणाऱ्या सडपातळ मुलाचं हायडल. खरी नावं त्यांना आजही माहीत नाहीत.

घरातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी हाच नियम लावला. डिशवॉशरमध्ये ताटं एका बाजूला झाली की ते सगळं बाहेर काढून पुन्हा लावायचे. पोळी आणि भात यांतलं एक आधी संपलं तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. कणकेची एक मोठी पिशवी त्यांनी कधी आणली नाही. दोन लहान आणायचे, दोन्ही हातांत एकेक. देशी दुकानातल्या रांगेत पुढच्या बाईच्या हातातली जड पिशवी बघून त्यांनी तिला संपूर्ण खेळ समजावला होता. ती बिचारी कोथिंबीर घ्यायला आली होती. आणि शेजारचा तो उंच गोरा गृहस्थ, ज्याच्या अंगणात युनिव्हर्सिटीच्या संघाचा झेंडा असतो, त्याला काकांनी कुंपणाशी गाठून सांगितलं, "सर, यू आर ओव्हरलोडिंग वन युनिट." त्याचा समज झाला की हे भारतात कुठल्या तरी संघाचे प्रशिक्षक होते. तेव्हापासून तो त्यांना 'कोच' म्हणतो आणि सामन्याआधी विचारतो, "सो, कोच, व्हॉट डू वी डू टुडे?" काकांनी तो गैरसमज दूर करायचा प्रयत्न केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एवढ्या समतोल माणसाच्या शरीरात एकच गोष्ट बेताल होती. त्यांचा उजवा गुडघा पार झिजलेला होता आणि त्याला सांभाळायला सगळा भार डावा पाय उचलत होता. जिना ते उलटे उतरायचे, शिडीवरून उतरतात तसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बदलून घ्या, नाहीतर दुसराही जाईल. बहिणीने दोनदा तारीख घेतली, काकांनी दोन्ही वेळा कॅन्सल केली. "चालून राहिला नं अजून? चालू मशीनला हात लावायचा नसतो." गेल्या ऑक्टोबरात ते जिन्यावरून घसरले. शेवटच्या पायऱ्या होत्या म्हणून निभावलं. त्या दिवशी बहिणीचा मला फोन आला. "ताई, मी मीटिंगमध्ये असते आणि कान जिन्याकडे असतो गं. पुढच्या वेळी कंबरेचं हाड गेलं तर? तू सांगून बघ ना. तुझं ऐकतात."

काका माझं ऐकतात हा तिचा गोड समज आहे. पण कामाला लागायचं म्हटलं की मी लागते. वेस्ट विंडसरच्या माझ्या घरून गाडी काढली, त्यांच्यासमोर बसले आणि ऑपरेशनचे फायदे क्रमाने सांगितले, न केल्याचे तोटे क्रमाने सांगितले. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, तू कंट्रोल रूममध्ये छान शोभली असती." मग टीव्ही लावला.

नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. ईराने तिकिटं आणली. काका पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघणार होते, बरोबर बहीण आणि मी. जवळचं पार्किंग, लिफ्ट, उतार आणि स्वच्छतागृह यांची माहिती मी आधीच काढून ठेवली होती. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच न्यावी लागते, त्यामुळे काकांच्या गुडघ्याचा पट्टा, मलम आणि वेदनाशामक गोळ्या न्यू जर्सीने उघड्या डोळ्यांनी पाहिल्या. त्याबद्दल ते माझ्यावर थोडे रागावलेही. पण बँड वाजायला लागला, लाल टोप्यांच्या त्या रांगांतून ईरा एकदाची दिसली, आणि त्यांचा राग गेला.

सामना मात्र नेहमीसारखाच चालला. बॉल थर्मलकडे. पुन्हा थर्मलकडे. पुन्हा थर्मलकडे. समोरचे सगळे पुढे येऊन भिंत करून उभे होते, आणि हा पोरगा दर वेळी त्या भिंतीवर जाऊन आदळत होता. "अरे फेका नं बाप्पा! मागे मैदान रिकामं पडलं आहे!" काका ओरडत होते. पुढच्या रांगेतले लोक आधी हसले, मग तेही ओरडायला लागले. तिसऱ्या भागात थर्मल उठला तो गुडघ्यावर हात ठेवून. काकांनी ते लगेच हेरलं. त्यांचं ओरडणं थांबलं.

"त्याला बसवा आता," ते हळू म्हणाले. "ताई, पाय बघ त्याचा. ओढून राहिला. बसवा त्याला."

कोणी बसवलं नाही. तो पुन्हा बॉल घेऊन भिंतीत घुसला आणि त्यानंतर उठलाच नाही.

मैदानावरचे दोन्ही संघांचे खेळाडू जिथे होते तिथे एकेका गुडघ्यावर टेकले. कोणी जखमी झालं की इथे तसं करतात. काका कठड्याला धरून उभे होते. त्यांना तसं टेकता येणं शक्यच नव्हतं. त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी तेवढी काढली आणि त्या थंडीत तशीच हातात धरली. मग दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो मुलगा लंगडत बाहेर चालत गेला, तेव्हा सगळ्या स्टेडियमबरोबर आम्हीही सुटकेचा निःश्वास टाकला.

उरलेला वेळ हायडलला फेकावंच लागलं. पण आता हा फेकणार हे समोरच्यांना ठाऊक होतं. सगळे मागे जाऊन तयार उभे. एकही फेक धड लागली नाही. संघ हरला.

लोक उठून निघाले, काका मात्र बसून राहिले. मग म्हणाले, "शटडाऊन दोन तऱ्हेचं असतं. एक आपण घेतो. आधी कळवतो, दुसरीकडून वीज आणून ठेवतो, दिवस ठरवतो. दुसरं मशीन घेतं. ते कोणाला विचारत नाही. मी जन्मभर ज्युनियर पोरांना हेच ओरडून सांगितलं. वेळेवर बंद करा रे, नाही तर ते स्वतः बंद पडेल, अन् तेव्हा सगळीकडे अंधार..."

त्यांची नजर स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर गेली होती. बहिणीने माझा हात घट्ट धरला. मला बोलण्यासारखं खूप होतं आणि तेही क्रमवार. पण मी एक अक्षर बोलले नाही, आणि त्याबद्दल मी आजही स्वतःवर खूश आहे.

गाडीत बसल्यावर काकांनी सीटबेल्ट लावला आणि समोर बघत विचारलं, "सूनबाई, ती डॉक्टरांची तारीख... आता मिळेल का?"

"मिळेल, बाबा," बहीण म्हणाली, आणि गाडी सुरू करायच्या आधी तिने डोळे पुसून घेतले.

"पण पर्यायी व्यवस्था आधी ठरली पाहिजे. झाडांना पाणी कोण घालणार? डिशवॉशर कोण लावणार?"

"मी लावीन, आजोबा," बँडच्या गणवेशातच येऊन बसलेली ईरा मागून म्हणाली.

"तू एकाच बाजूला लावते."

ऑपरेशन छान झालं. इतक्या महिन्यांनी बहीण मीटिंगमध्ये मीटिंगचं ऐकू लागली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला काकांनी पहिल्याच दिवशी थर्मल आणि हायडल समजावलं, आणि तिने ते खरंच मन लावून ऐकलं, कारण तिचा धाकटा भाऊ शाळेच्या संघात खेळतो. शेजारचा गृहस्थ फुगा घेऊन आला आणि म्हणाला, "कोच, यू विल बी बॅक नेक्स्ट सीझन." थर्मलही बरा होतोय, ही बातमी त्यानेच आणली. काकांनी ती पुन्हा सांगायला लावली.

एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा ते मला फिरायला घेऊन निघाले. काठी नव्हती. पाय सरळ, सावकाश, दोन्हीवर सारखा भार. त्यांचा रस्ता ठरलेला आहे. कोपऱ्यापर्यंत जायचं, उजवीकडे वळायचं, तळ्याला वळसा घालून परत. कोपऱ्यावर ते थांबले.

"आमच्या घरात धावायचं काम माझं होतं, ताई," ते म्हणाले. "फेकायचं हिचं. कळमेश्वरला लग्नाला निघालो, की ही बस स्टँडवर म्हणायची, चला नं, पचमढीला जाऊ. मी चिडायचो. मग जायचो." ते जरासे हसले. "ही गेली, तेव्हापासून मी नुसताच धावून राहिलो."

आणि ते डावीकडे वळले.

"काका, तिकडे काय आहे?" मी विचारलं.

"काय माहीत? पाहू नं."

फुटपाथवर ते अगदी एका कडेने चालत होते. बाजूला एका माणसापुरती जागा त्यांनी मोकळी सोडली होती. मी तिथे गेले नाही. दोन पावलं मागे राहून त्यांच्यामागे चालू लागले.