अर्ध्या डब्या

वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोडाउनात मी काट्यावर बसतो. शाळा माही दुसरीतच सुटली, पण आकडे वाचता येतात अन् वजन बरोबर सांगता येते. तेवढ्याच भरवशावर मी माह्या पोरीचा खेळ बुडवाले निघालो होतो.

पोरगी एअर रायफल चालवते. दहा मीटरवर टार्गेट, मधात मोहरीपेक्षा बारीक ठिपका, अन् शिशाचा छर्रा तिथंच गेला पाहिजे. तिच्या सरांनं रायफल शिकंज्यात आवळली अन् चार डब्यांतले छर्रे मारून पाह्यले. तीन डब्यांचे पांगले. चौथीचे एकाच भोकातून गेले.

"डबीच्या बुडाले नंबर असते," सर पोरीले म्हणाले. "ट्रायलले याच नंबरचे वापर. अन् भाऊ, तुम्ही एकेक तोलून द्या."

त्या दिवशी मी गाडी अशी मान ताठ करून चालवली का मोठा खड्डा दिसलाच नाई.

मंग रोज जेवण झालं का लहान काटा, चिमटा अन् मी. वाकलेला बाजूले, हलका बाजूले, भारी बाजूले.

"एवढं ध्यान तांदूळ निवडाले देलं असतं," बायको म्हणे, "तं माहा दात वाचला असता."

त्या चांगल्या डबीतले काढलेले छर्रे मी फेकले नाई. खर्‍याच्या रिकाम्या, सुपारी-तंबाखूचा वास येणाऱ्या पन्नीत भरून खिशात ठेवले. एवढासा फरक आपण पकडतो, हे गोडाउनात दाखवाचं होतं. कोणी पाह्यले नाई, ते सोडा.

ट्रायल रविवारची. क्लबाच्या टीममंदी चार पोरी घेणार होते. शनिवारी पाह्यलं तं फळीवर चारही डब्या अर्ध्या. तीन सरावाच्या, एक चांगली. आता आमच्या धंद्यात अर्धी गाडी म्हणजे पाप. दोन अर्धे माल दिसले का माहे हात आपोआप ते एका गाडीत टाकतात. मी सरावाचे छर्रे तोलले, वजन जुळलं ते सगळे चांगल्या डबीत ओतले, बाकीचे वाटीत काढले, झाकण लावलं. रिकाम्या डब्या बायकोले टिकल्या ठेवाले देल्या. फार समाधान वाटलं बाप्पा.

रविवारी मी काचेमागं उभा. सुरुवातीले नेम पाहाचे छर्रे असतात, त्याचा हिशोब नाई धरत. पहिला मधात. दुसरा डावीकडं. तिसरा पार वर. पोरीनं रायफल खाली ठेवली अन् आपल्या हाताकडं पाहून राहिली. घाबरून नाई, जसं आपण पंक्चर टायरकडं पाहतो तसं.

मी गप बसलो असतो तं कोणाले समजलं नसतं. हात चुकला म्हणून ती घरी आली असती.

मी सरांजवळ गेलो. "सर, त्या डबीत चारही डब्यांचा माल हाये."

"काहून?"

"अर्ध्या होत्या."

सर माह्याकडं पाहतच राहिले.

"वजन सारखंच होतं, सर."

"भाऊ, तुमचं माझं वजनही सारखंच असेल. म्हणून डोकं सारखं आहे का?" मंग म्हणाले, "छर्‍याचं डोकं प्रत्येक नंबरचं थोडं वेगळं असते. चांगल्या नंबरचे वेगळे काही आहेत का?"

मी खिशातून पन्नी काढली. सरांनं वास घेतला.

"सुपारी?"

"खर्‍याची पन्नी दुसऱ्या खिशात हाये, सर. हे छर्रेच हायेत."

वाकलेले त्यांनं काढून टाकले. "वजन थोडं इकडं तिकडं आहे, पण डोकं एकच आहे," म्हणाले. रुमालानं पुसून मोजले. मारायचे चाळीस, निघाले बेचाळीस. क्लबाचीच ट्रायल, म्हणून आत नेऊन देता आले. पोरीच्या कानात ते काय बोलले मले ऐकू नाई आलं. तिनं काचेतून माह्याकडं पाह्यलं, मी छताचा पंखा पाहू लागलो.

ती चौथी आली. चारातली चौथी.

घरी येताना पोरगी गाडीवर मागं बसली होती. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "बाबा, मले वाटलं माहा हातच गेला."

"मले मालूम हाये वं."

"तुम्ही सांगतलं म्हणून बरं."

आता तोलाचं काम माह्याकडंच हाये. ओताचं नाई. डबीच्या झाकणाले ती स्वतः चिकटपट्टी लावते.

परवा सुपरवायझर म्हणाला, दोन अर्धे ड्रम एक करून टाक. मी दोन्ही ड्रम आडवे पाडून बुडाचा नंबर पाहून राहिलो होतो. तो म्हणे, "काय झालं गा तुले?"


मी म्हटलं, "काही नाई, डोकं पाहतो."