हिरव्या स्टिकरचं कॉलेज

कुठल्याही कॉलेजच्या दारात कारंजं दिसलं की मला अजून शिसारी येते. याला कारण एक उन्हाळा. त्या उन्हाळ्यात मी धाकट्या बहिणीला घेऊन चेन्नईतली कॉलेजं पालथी घातली होती.

बहिणीला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करायचं होतं. सांगलीत बी.एस्सी. झालेली, मार्क चांगले, पण पुण्याच्या यादीत थोडक्यात हुकलेली. घरी दुसरा बेत शिजून तयार होता. बी.एड. करायचं आणि मामांच्या संस्थेतल्या शाळेत चिकटायचं. तिनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, तेव्हा बाबा म्हणाले, "चेन्नईला दादा आहे, राहायची सोय होईल. पण फी झेपणारी पाहिजे आणि शिकवणारे खरे पाहिजेत. त्यानं स्वतः बघून पसंत केलं तरच जायचं. नाहीतर मुकाट्यानं बी.एड."

माझ्यावर एवढा भरवसा, कारण बघणं हाच माझा धंदा. चेन्नईतच पेरुंगुडीच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग व्हायचे, तिथं मी क्वालिटी खात्यात होतो. मोजमापाचं प्रत्येक उपकरण वेळच्या वेळी तपासून घ्यायचं, बरोबर असेल तर त्यावर तारखेचं हिरवं स्टिकर लावायचं, चुकत असेल तर लाल चिठ्ठी बांधून भंगारात काढायचं. घरात माझं नाव पारखी नजरेचा म्हणून. मलाही ते खोटं वाटत नव्हतं.

पहिल्या चार-पाच कॉलेजांतच मला वीट आला. त्या वर्षांत गल्लोगल्ली इंजिनिअरिंग कॉलेजं उगवली होती आणि फिजिक्स म्हणजे त्यांच्या पंगतीतलं लोणचं. बाहेर कारंजं, आत फिश टँक, सोफ्यावर टाय लावलेला माणूस. तो बहिणीची मार्कलिस्ट बघायचा आणि दया आल्यासारखं माझ्याकडे वळायचा. "एवढे चांगले मार्क असून फिजिक्स का?" जसं काही पोरीला दुखणं झालंय! एका ठिकाणी लॅब दाखवा म्हटलं तर किल्ली सापडेना. तासाभरानं सापडली, दार उघडलं, तर आत स्नेहसंमेलनाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. दुसऱ्या ठिकाणी फी सांगून झाल्यावर कारकुनानं आवाज उतरवून आणखी एक आकडा सांगितला. इमारत निधी, पाकिटात द्यायचा, पावती मिळणार नाही. एवढ्या घाणीत तो माणूस अगदी घरगुती हसत होता. बाहेर आल्यावर मी रस्त्यावर थुंकलो. बहीण म्हणाली, "दादा, थुंकतोस काय, लोक बघतायत."

मग एग्मोर स्टेशनच्या पलीकडचं एक जुनं अनुदानित कॉलेज बघितलं. फी ऐकून मला वाटलं कारकून एक शून्य विसरला. इमारतीचे पोपडे उडालेले, जिन्यात कबुतरांची विष्ठा. लॅबमध्ये काळ्या दगडाची टेबलं, त्यांवर आमच्या आज्जाच्या वयाची उपकरणं. तिथल्या प्राध्यापक बाई निवृत्तीला आलेल्या, सुती साडी, केसांत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. आम्ही आपसात बोलताना ऐकून त्या एकदम मराठीत बोलायला लागल्या. तंजावरच्या मराठी घरातल्या त्या. शब्द जुनेपुराणे, हेल तमिळ, मधूनच वाक्याला 'सेरी' म्हणजे 'बरं'चं शेपूट. माझी मराठी त्यांना फार घाईची वाटली असावी, त्या प्रत्येक वाक्य दोनदा विचारत होत्या.

त्यांनी बहिणीच्या हातात स्क्रू गेज दिला, तारेची जाडी मोजायचा. त्याच्या डबीवर पिवळ्या पडलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली. तमिळ आणि इंग्रजीत लिहिलं होतं, हा गेज दोन घरं जास्त दाखवतो, का ते शोधा, मग वजा करा. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे असला गेज कुणाच्या हातात सापडला असता तर त्याला मेमो मिळाला असता. इथं ती चूक पाटी लावून मांडून ठेवलेली! बहीण मात्र स्टूल ओढून बसली ती उठेना. बाई विचारायच्या, ही मान डोलवायची, पुन्हा मोजायची. तासाभरानं तिची बोटं काळी झाली होती आणि चेहरा उजळला होता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाही."

"अरे, पण का?"

"चुकीच्या उपकरणावर काय कप्पाळ शिकणार तू?"

"चूक किती ते माहिती आहे ना त्यांना. शिकायचं असतं ते हेच असतं दादा." ती रडकुंडीला आली होती. मी ऐकलं नाही. शेवटचा शब्द माझा होता आणि तो मला फार आवडत होता.

तिसऱ्या आठवड्यात चेन्नईबाहेर कोवलमच्या रस्त्यावरचं नवं कोरं कॉलेज सापडलं. गुणवत्तेवर फीमध्ये भरघोस सूट, त्यामुळे आवाक्यातलं. कारंजं होतं, पण लॅब बघून मी कारंज्याला माफ केलं. थंडगार एसी, पांढरी टेबलं, रांगेत मांडलेले स्पेक्ट्रोमीटर, आणि प्रत्येकावर हिरवं स्टिकर! मी वाकून एकेक तारीख वाचली. सगळ्यांवर एकच तारीख, एकाच हातचं अक्षर, शाई ताजी. काय ती शिस्त, म्हणून मी खूश.

बहिणीनं एका स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीवर बोट फिरवलं. "दादा, भिंगावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. याला कुणी हातच लावला नाहीये."

"नवीन वस्तूवर प्लास्टिक नसणार तर काय गोणपाट असणार?"

त्याच दिवशी तिचे मूळ दाखले जमा केले, पहिल्या सत्राची फी भरली आणि बाबांना फोन लावला. बाबांनी एवढंच विचारलं, "तू नीट बघितलंस ना?" मी म्हणालो, "एकेक उपकरण बघितलंय."

कॉलेज सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यात रविवारी मी डोसे खात बसलो होतो, तेव्हा समोर बसून शांतपणे म्हणाली, "लॅब रिकामी आहे." तपासणी समिती येऊन गेली, मान्यता मिळाली आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. उपकरणं भाड्याची होती, ती पुढच्या कॉलेजला गेली. शिकवायला एकच मास्तर, तोही इंजिनिअरिंगवाल्यांचे तास घेऊन उरलेल्या वेळात यायचा आणि वही वाचून दाखवायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

सोमवारी रजा टाकून मी कोवलमच्या बसनं निघालो. रस्ताभर डोकं भणभणत होतं. कॉलेजच्या ऑफिसात मी टेबलावर हात आपटला. येतील त्या चार भाषांत आरडाओरडा केला. चोर म्हणालो, भामटे म्हणालो, पोरांच्या आयुष्याशी खेळता, लाज वाटते का विचारलं. मॅनेजर पंख्याखाली दात कोरत बसला होता. तो म्हणाला, "सार, सगळेच असं करतात. दाखले हवे असतील तर दोन्ही वर्षांची फी भरा." त्याच्या त्या काडीची मला इतकी किळस आली की पुढचे दोन दिवस जेवण गेलं नाही.

बुधवारी कारखान्यात गेलो. गाड्यांच्या कंपनीचे लोक पुढच्या सोमवारी ऑडिटला येणार होते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दरवर्षीचं काम सांगितलं. आमच्याकडे नसलेली तीन उपकरणं शेजारच्या कारखान्यातून दोन दिवसांसाठी उसनी आणायची, त्यांची स्टिकरं काढायची, आमची लावायची. हे काम चार वर्षं माझ्याकडेच होतं. अक्षरही माझंच, तारीख सगळ्यांवर एकच. आदल्या दिवाळीला फराळ करताना मी ही गंमत घरी नकलेसकट सांगितली होती आणि सगळे पोट धरून हसले होते.

संध्याकाळी घरी येऊन मी पुन्हा त्या कॉलेजला शिव्या द्यायला लागलो. कसली माणसं ही, यांना पोटची पोरं नाहीत का, वगैरे. बहीण तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, तुला तरी तारखांवरून कळायला हवं होतं. तूच लावतोस ना स्टिकरं?"

ती रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. पण ती तांदळातला खडा काढावा तशी बोलली. मी उठून गॅलरीत गेलो. त्या मॅनेजरची काडी आठवत होती आणि तोंड माझंच कडू झालं होतं.

आता इथं लिहायला हवं की मी साहेबांना नकार दिला. नाही दिला. सोमवारी तिन्ही उपकरणं टेबलावर होती, हिरवी स्टिकरं लावलेली. ऑडिटवाले खूश होऊन जेवून गेले.

दाखले तिनं स्वतः सोडवले. चार महिने दर गुरुवारी एकटी बसनं कोवलमच्या रस्त्याला जायची आणि त्या ऑफिसात बाकावर दिवसभर बसून राहायची. शेवटी कंटाळून त्यांनी फाइल तिच्या अंगावर टाकली. तोवर सगळीकडचे प्रवेश बंद. वर्ष गेलं. ते वर्ष ती एग्मोरच्या त्या बाईंच्या परवानगीनं त्यांच्या लॅबमध्ये मागच्या स्टुलावर बसायची, उपकरणं पुसायची. पुढच्या जूनमध्ये तिथलाच फॉर्म तिनं एकटीनं भरला. मला विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. घरी आम्ही सांगितलं की पहिल्या कॉलेजात अभ्यासक्रम बदलला म्हणून दुसरं बघितलं.

आज ती स्वतः फिजिक्स शिकवते, आणि चांगली शिकवते असं ऐकतो. पाहुण्यांसमोर बाबा हटकून सांगतात, "कॉलेज यानं निवडलं हं. एकेक उपकरण बघून निवडलं. याची नजरच तशी." बहीण एकदा माझ्याकडे बघते आणि चहा टाकायला उठते. मी पाहुण्यांना म्हणतो, "छे, छे, त्यात काय," आणि बाबांना वाटतं मी लाजलो.