दोन बोटं आणि एक जुनं उत्तर

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका सूत कारखान्यात मी इलेक्ट्रिशियन होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ऑफिसात नुकतंच इंटरनेट आलं होतं. फोन लावायचा, मोडेम किंचाळायचा आणि दहा मिनिटांत लाइन तुटायची.

त्या दिवसांत सूत गुंडाळणाऱ्या आमच्या मशीनना एक खोड लागली. वीज जाऊन परत आली की त्यातली एखादी बटण न दाबताच सुरू व्हायची. रोज नाही, कधीतरी. मॅनेजरांना सांगितलं, तर म्हणाले, "ऑर्डर निघू दे, मग बघू."

या मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरविषयी लोक जिथे प्रश्नोत्तरं लिहितात, असा एक परदेशी फोरम मला इंटरनेटवर सापडला होता. शब्दकोश शेजारी ठेवून मी तासभर इंग्रजी जुळवलं आणि प्रश्न टाकला. पानावर वरच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, विचारण्याआधी जुनी प्रश्नोत्तरं शोधा. खाली शोधायची चौकटही होती. मी ती वापरली नाही. लाइन तुटेल ही भीती होती, आणि सिल्वासातल्या आमच्या मशीनचं दुखणं तिथे आधीच कुणी कशाला लिहून ठेवेल, असंही वाटलं.

त्यातल्या एका मशीनवर शिरपूरकडचा एक ऑपरेटर होता. माझ्याहून वयाने मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याला मी बजावलं होतं, "भाऊ, वीज गेली की हात घालू नका." तो मान डोलवायचा. पण अडकलेला धागा काढायला वीज गेलेली वेळच त्याला बरी वाटायची. वर्षानुवर्षांची सवय होती ती.

प्रश्न टाकल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि लगेच आली. मी पॅनेलपाशी होतो. त्याची किंकाळी ऐकून धावलो. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. टेम्पोत घालून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. वाटभर तो माझा खांदा धरून बसला होता.

दोन दिवसांनी फोरम उघडला. एकच उत्तर आलं होतं. हा प्रश्न पूर्वी येऊन गेला आहे, शोधला असता तर मिळाला असता. खाली जुन्या पानाचा पत्ता होता. ते पान ओळ ओळ करत उघडलं. कंट्रोलरमधली एक सेटिंग बदलायची आणि वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा आणि हाताने दाबल्याशिवाय पुन्हा सुरू न होणारा एक स्विच लावायचा, एवढंच. ते उत्तर लिहून दोन वर्षं झाली होती. त्याच दुपारी मी सगळ्या मशीन दुरुस्त केल्या. एकेकीला अर्धा तासही लागला नाही.

आठवड्याने सिल्वासातल्या आमली भागात त्याच्या खोलीवर गेलो. सांगू की नको, हे जिना चढेपर्यंत ठरत नव्हतं. शेवटी सगळं सांगितलं. "उत्तर तिथंच होतं, भाऊ. मी शोधलं नाही."

त्याने पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. त्याच्या बायकोने माझ्यापुढे ठेवलेला चहा निवत होता.

"बाकीच्या मशीनचं केलं ना?" त्याने विचारलं.

"केलं. सगळ्या."

"मग ठीक," तो म्हणाला. त्याने मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

बरा झाल्यावर तो पॅकिंगला लागला आणि वर्षभरात गावी परतला. मी त्या फोरमवर आमची हकीकत लिहिली, त्याच जुन्या उत्तराखाली, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतील.