डिंपलची कंदीलवाली

आमच्या घरात डिंपलचं जे काही चांगलं असतं, ते सगळ्यात आधी मला दिसतं. मायेपोटी नव्हे, डोळ्यात खुपतं म्हणून. डिंपल माझी धाकटी जाऊ. तिची भाकर टम्म फुगते, तिने बांधलेल्या मेथीच्या जुड्या मेहकरच्या बाजारात सगळ्यांच्या आधी उचलल्या जातात, आणि तिला चारचौघांत नाही म्हणता येतं. पहिल्या दोन गोष्टी मी कशाबशा पचवल्या. तिसरी अजून घशातच आहे.

जानेफळला आमची चार एकर भाजी आहे. घरात सासरे भगवंतराव, त्यांना आम्ही दोघी मामाजी म्हणतो. माझे मालक शेखर, धाकटे दीर कुलदीप आणि आम्ही दोघी. मी थोरली, स्नेहलता. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे नऊ वर्षं या घरात बाईमाणूस मी एकटीच. मीठ किती पडायचं इथपासून कुलूप कुठं ठेवायचं इथपर्यंत सगळं मी ठरवायचे. मग पाच वर्षांपूर्वी सुलतानपूरहून डिंपल आली, आणि महिन्याभरात मामाजी चहा तिच्याकडे मागायला लागले.

तो कार्डांचा गेम घरात आणला मी. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता ते कुणाच्या लक्षात नाही. टायफॉइडने तीन आठवडे खाटेवर पडले होते तेव्हा मोबाईलवर हिंदीत बोलणारी जपानी कार्टूनं बघायची सवय लागली, आणि त्यातूनच हा गेम सापडला. कार्टून नाही, ॲनिमे म्हणायचं, असं नंतर डिंपलने मला शिकवलं. मीच तिला गेम शिकवला आणि तिने मला शब्द शिकवला.

गेम सोपा आहे. रोज काही कार्डं मिळतात. कुणी तलवारवाला, कुणी पंखवाली, कुणी कोल्ह्याच्या कानांची पोरगी. त्यांची जपानी नावं आमच्या जिभेवर बसत नाहीत म्हणून आम्ही आपली नावं ठेवली. एकच कार्ड परत परत मिळालं की ते पहिल्याला खाऊ घालायचं, म्हणजे त्याचा तारा वाढतो. लढवत राहिलं की लेव्हल वाढते. पाच तारे झाले की खाली एक सोनेरी बटण उजळतं. ते दाबलं की कार्ड बदलतं. अंगावर नवे कपडे, डोक्यावर मुकुट, नावसुद्धा नवीन. ताकद पुढे तिप्पट होऊ शकते, पण लेव्हल पुन्हा एकपासून मोजायची. आणि जुनं कार्ड गेलं ते गेलं.

माझ्याकडे बदललेल्या चार राण्या होत्या. बटण उजळलं की मी लगेच दाबायचे, दम धरवायचाच नाही. डिंपलने मात्र धरली एक कंदीलवाली. ते इतकं फुटकळ कार्ड की रोज मिळायचं आणि सगळे ते दुसऱ्यांना खाऊ घालून मोकळे व्हायचे. साधा झगा, हातात कंदील, अनवाणी पाय. डिंपलने तिला आठ महिने वाढवलं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडताना, दूध तापेपर्यंत, मोटार लावून पाण्याची वाट बघताना. पाच तारे झाले, लेव्हल ऐंशीच्या वर गेली. कोणत्या घटकेला तिने कंदील वर उचलायचा आणि कधी नुसतं थांबायचं, हे डिंपलला पाठ झालं होतं. ती अनवाणी पोरगी माझ्या चारही राण्यांना ओळीने लोळवायची. गेममधल्या आमच्या टोळीत तीस जण, कुणी नागपूरचे, कुणी कुठले. ते सगळे लिहायचे, वा डिंपल, वा डिंपल. टोळी मी काढलेली होती.

सोनेरी बटण तिच्या कंदीलवालीखाली तीन महिने उजळून होतं. तिने ते दाबलं नाही. मला वाटायचं, मला जळवायला ठेवलंय. शेवटी एका दुपारी ओसरीवर जुड्या बांधता बांधता मी विचारलंच.

"काऊन बदलवत नाही वं तिले? तिप्पट ताकद होते."

"होते ना," डिंपल म्हणाली. "पण मंग थे दुसरीच बाई होते, ताई. नाव बी तिचं राहत नाही. मले हेच पायजे."

मी जुडीची गाठ इतकी करकचून आवळली की देठं तुटली. तिला काय माहीत, तिने कुठं बोट ठेवलं ते.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यावर नवीन नाव लिहायचं. माझ्या लग्नात शेखरने लिहिलं, स्नेहलता. मी समोर बसले होते, त्यामुळे मला ते उलटं दिसलं. वाचायला वेळ लागला. तोवर बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले आणि ताट उचललंही. नाव कुणी निवडलं, कधी निवडलं, हे मी आजवर विचारलं नाही. मीही हसले होते. फोटोत आहे ते हसू.

कुलदीपच्या लग्नात ते ताट धरायचा मान माझा होता. नाव ठरलेलं, समीक्षा. कुलदीपने अंगठी तांदळात टेकवली आणि डिंपलने ताटावर हात ठेवला. आवाज चढवला नाही, डोळ्यात पाणी आणलं नाही. म्हणाली, "माहं नाव डिंपलच राहू द्या." मला वाटलं, आता हिची धडगत नाही. मामाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "लिही रे डिंपल. काय फरक पडते त्यानं?"

काय फरक पडते. नऊ वर्षं मी त्या घरात दुसऱ्याच नावाने राबले होते, आणि मामाजींना फरक पडत नव्हता. माझ्या हातातलं ताट कललं, थोडे तांदूळ सांडले. बायका म्हणाल्या, थोरलीला आनंद मावेना. तेव्हापासून ही बाई माझ्या पोटात दुखते आहे. भाकर आणि जुड्या ही नुसती निमित्तं. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला मोठ्याने हाक मारली ती तिच्या त्याच नावाने, आणि ते नाव तिखटासारखं जिभेला लागलं.

गेल्या महिन्यात तिच्या भावाचा साखरपुडा होता. ती दोन दिवस सुलतानपूरला गेली. घर मला मिळालं, चहा मी करायला लागले, मामाजींनी तो पिऊन विचारलं, "डिंपल कधी येते?"

त्याच दुपारी मी ते केलं.

डिंपल नवी नवी आली तेव्हा तिचा गेम मीच तिला उघडून दिला होता. तिचं माहेरचं सिमकार्ड बंद पडलेलं होतं, म्हणून नंबर टाकला मामाजींचा. पुढे तो बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्या घरात गॅस, बँक, पीकविमा, सगळ्याला मामाजींचाच नंबर आहे. ओटीपी आला की ते तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवतात, आणि कशाचा तेही लिहितात. एकदा विम्याचा आकडा विसरले आणि मेहकरला दुसरी खेप पडली, तेव्हापासूनची ही पद्धत. मेसेज इंग्रजीत असतो, त्यातला आकडा तेवढा त्यांना वाचता येतो.

मी माझ्या मोबाईलवर गेम उघडून त्यांचा नंबर टाकला. आतून आवाज आला, "आला वं एक. कायचा आहे?"

"गॅसचा, मामाजी."

त्यांनी आकडा सांगितला. पेन्सिल कॅलेंडरवर घासल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला.

डिंपलची कार्डांची पेटी माझ्या मोबाईलवर उघडली. कंदीलवाली मध्यभागी उभी होती, अनवाणी, कंदील थोडा हलत होता. मी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मला तिचं काही चोरायचं नव्हतं. चोरता येतही नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की हिच्याजवळ जे जसंच्या तसं राहिलंय ते राहू नये. सोनेरी बटण दाबलं. एक पाटी आली. कार्डाचं रूप आणि नाव बदलेल, परत फिरवता येणार नाही, चालेल का? खाली दोन खुणा, हो आणि नाही. मी हो दाबलं.

कंदील विझला. लाल रेशीम आलं, मुकुट आला, पायांत सोन्याच्या वहाणा आल्या. सुंदर दिसत होती. खाली कुठलंसं लांबलचक नाव आणि लेव्हल एक. मला वाटलं होतं, काळजाला गारवा वाटेल. मी मोबाईल पालथा ठेवला आणि उगाच अंगण दोनदा झाडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डिंपल आली. हातपाय धुतले, मामाजींना साखरपुड्याचे लाडू दिले आणि म्हणाली, "मामाजी, माहा गेम कालपासून बंद झाला. दुसऱ्या मोबाईलवर उघडला म्हून सांगते. तुमच्या मोबाईलवर नंबर येईन, तेवढा सांगा."

मामाजींनी आकडा सांगितला आणि चष्मा लावून कॅलेंडरकडे गेले. डिंपल त्यांच्या मागे उभी होती. आजच्या चौकटीत लिहिता लिहिता ते म्हणाले, "कालबी असाच आला होता एक. गॅसचा." त्यांचं बोट कालच्या चौकटीवर होतं. डिंपलने ती चौकट वाचली. मग स्वयंपाकघरात डोकावून गॅसच्या टाकीकडे बघितलं. टाकी पाच दिवसांपूर्वीच आली होती आणि ती तिनेच उतरवून घेतली होती.

तिने गेम उघडला. मी चुलीशी होते, पण मला सगळं कळत होतं. ती मोबाईल ठेवून उठली. ओसरीवर सांबाराचा ढीग पडला होता, तिथं जाऊन बसली. मीही गेले. न जाऊन कुठं जाणार? तासभर आम्ही जुड्या बांधल्या. तिच्या जुड्या नेहमीसारख्या एका मापाच्या होत होत्या. तेवढ्यातही मला त्याचा राग आला.

"गॅसचा होता का जी तो नंबर, ताई?" तिने मान वर न करता विचारलं.

खोटं बोलायला माझ्याकडे तीन सबबी तयार होत्या. चुकून दाबलं, नुसतं बघत होते, तुझ्या भल्यासाठी केलं. मी म्हणाले, "नाही."

"थे बटन दाबलं की पाटी येते. चालन का म्हून इचारते. तुमी हो म्हनलं?"

"हो म्हनलं."

"काऊन?"

"तुले सगळे इचारतात म्हून," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुह्या लग्नात ताट मीच धरलं होतं. तू डिंपल लिहा म्हनलं, त्याईनं डिंपल लिहलं. माह्या लग्नात मले कोनं इचारलं नाही, अन् मी बी नाही म्हनलं नाही. तसं म्हनता येते, हेच मले मालूम नोतं. तू म्हनलं तवा मालूम पडलं. नऊ वर्सानं."

डिंपलचे हात थांबले. ती रडेल किंवा भांडेल असं वाटलं होतं. दोन्हीला मी तयार होते.

"आठ महिने लागले होते मले," ती म्हणाली. "मी नाही माफ करनार तुमाले."

"नको करू."

तिने पुन्हा जुडी उचलली, देठं सारखी केली. मग विचारलं, "आंधीचं काय नाव होतं तुमचं?"

पाच वर्षं एका चुलीवर रांधलं आम्ही. तिला माहीत नव्हतं. या घरात आता ते कुणाच्या तोंडी येत नाही. माहेरी, हिवरा आश्रम या गावी, आई होती तोवर ती हाक मारायची, आता तिथंही कुणी मारत नाही.

"सत्यभामा," मी म्हणाले. म्हणताना इकडेतिकडे बघितलं, कुणाची वस्तू उचलल्यासारखं.

"मंग सत्यभामाताई," ती म्हणाली, "माही कंदीलवाली भरून द्याची. गेममध्ये रोज एक कार्ड दुसऱ्याले देता येते. तुमाले मिळाली की माह्याकडं पाठवाची. पाच ताऱ्यांले सोळा लागतात. लेव्हल मी पाहून घेईन."

हसली नाही. विनंतीही केली नाही. मी हो म्हणाले.

तेवढ्यात बाहेरून मामाजींचा आवाज आला, "स्नेहलता, झाल्या काय वं जुड्या?"

मी तोंड उघडायच्या आत डिंपलने उत्तर दिलं, चांगल्या खणखणीत आवाजात. "झाल्या जी मामाजी. सत्यभामाताई घेऊन येऊन राह्यल्या."

मग मामाजी म्हणाले, "बरं."

मी सांबाराची पाटी उचलली. चौदा वर्षांत जे मला एकदाही मोठ्याने म्हणता आलं नाही, ते ही बाई दोन मिनिटांत म्हणून मोकळी झाली होती, तेही माझंच नाव. पाटी घेऊन ओसरीची पायरी उतरताना मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.