चारही पंखे आत

आमच्या मामांना काम सांगितलं की ते आधी काहीच करत नाहीत. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. उभा जन्म फ्रीज आणि एसी दुरुस्त करण्यात गेला. पण मशीनला हात लावण्याआधी पंधरा मिनिटं खोलीत हात मागे बांधून नुसते उभे राहणार. गिऱ्हाइकं वैतागतात. त्या दिवशी मीही वैतागले, कारण त्या खोलीच्या भिंतीपलीकडे, भिंतीला अगदी लागून, माझ्या मुलीची खाट होती.

त्या खोलीत नवऱ्याची मायनिंगची चार मशीनं आहेत. ती अखंड आकडेमोड करतात आणि त्याबदल्यात कुठलंसं डिजिटल नाणं मिळतं, इतपत मला कळतं. महिन्यापूर्वी यांनी ती ओव्हरक्लॉक केली, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाहून जास्त पळवायला घेतली. तेव्हापासून भिंत तापायला लागली. परवा तर जळक्या प्लास्टिकचा वास आला. विचारलं, तर हे स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "पासष्ट डिग्री आहे गं, उगाच घाबरतेस." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा ठीक म्हणाले तर ठीक, नाहीतर लेकीला घेऊन मी चालले ताईकडे." नुसती धमकी नव्हती ती, बॅग भरून झाली होती.

उभं राहून झाल्यावर मामांनी माझ्याकडे शिवणाचा दोरा मागितला. यांनी बाहेरच्या भिंतीत खाली भोकं पाडून चार पंखे बसवले होते, त्यातल्या एकापुढे मामांनी हातभर दोरा धरला. दोरा खोलीच्या आत उडाला. दुसऱ्यापुढे धरला, तिथेही आत. चारही पंखे बाहेरची हवा आत ढकलत होते आणि खिडकी, धूळ येते म्हणून, घट्ट बंद.

"अरे, पाहुणे नुसते आत घेतोयस. बाहेर कोणी जायचं की नाही?"

"जास्त हवा आत आली की जास्त गार होईल, असं वाटलं," हे पुटपुटले.

"गरम हवाच गरगर फिरवतोयस. आणि ती स्क्रीन सांगते चिपचं. वायरचं कोण सांगणार?"

मामांनी सगळं बंद करायला लावून एक्स्टेंशन बोर्डातला प्लग उपसला. बोर्डाचं भोक तपकिरी होऊन वितळलं होतं. चारही मशीनं त्या एकाच बोर्डावर होती! नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

मामांच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन आला. त्याने मीटरपासून जाड वायर ओढली, खोलीसाठी वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका, बसवला. मामांनी दोन पंखे खाली ठेवले, आत हवा घेणारे, आणि दोन उलटे करून वर खिडकीत लावले, बाहेर फेकणारे. मग मशीनं कंपनीच्या वेगावर आणून एकेक पायरी वाढवायची, अर्धा तास थांबायचं, प्रत्येक प्लग हाताने चाचपायचा. तिसऱ्या पायरीला एक मशीन अडखळून बंद पडलं.

"दुसरीवरच थांब," मामा म्हणाले.

"पण मामा, आधी पाचवीवर चालत होती."

"चालत नव्हती रे, जळत होती."

हात धुऊन मामा आता निघतील असं मला वाटलं. ते सरळ पलीकडच्या खोलीत गेले आणि मुलीच्या खाटेवर भिंतीला पाठ लावून आडवे झाले. "सूनबाई, तासभर पडतो. भिंत तापलीच तर पहिला चटका मला."

पाच मिनिटांत घोरायलाही लागले. मी दारातच उभी. तास झाला, दीड तास झाला, शेजारच्या खोलीत मशीनं घूं घूं करत होती आणि मामा काही कूस बदलेनात. खेळून दमलेली लेक आली आणि आजोबांच्या कुशीत शिरून झोपून गेली. मी वाकून दोघांच्या वरून भिंतीला हात लावला. गार होती. इतकं सुटल्यासारखं झालं की मी तिथेच जमिनीवर बसले आणि मला रडू फुटलं.

हे धावत आले. "काय झालं? भिंत तापली?"

"हळू बोला," मी म्हटलं, "झोपलीयेत दोघं."